सुभेदार उठेना

वर्षावासाचे तीन महिने सुभेदाराने झोपून काढले, ते एक वेळ समजण्यासारखं होतं. पण वर्षावास संपला, खीर वाटून झाली, पातेली घासून पालथी पडली, तरी हा आपला उठायचं नाव घेईना!

सुभेदार म्हणजे कुणी मिशीवाला माणूस नव्हे. चार चाकं, पोटाखाली पातं, डोक्यावर इंजिन आणि मागे ढकलायची लांब दांडी असलेलं ते गवत कापायचं मशीन होतं. भिंगारच्या छावणीतल्या एका मेसचं गवत त्याने वर्षानुवर्षं कापलं आणि मोडीत निघाल्यावर लिलावात रंभाजी आजोबांनी त्याला घेतलं. हातगाडीवर घालून, वरून गोणपाट पांघरून, एखाद्या पाहुण्याला आणावं तसं घरी आणलं. चालू झालं की अख्ख्या वस्तीवर डाफरायचं, म्हणून नाव सुभेदार. आजोबा त्याच मेसवर माळी होते. "दोघं एकदमच रिटायर झाली, आन् दोघं एकदमच माझ्या गळ्यात पडली," असं भागिरथी आज्जी म्हणायची.

तर या दोन रिटायर मंडळींनी मिळून काय केलं? घरासमोरच्या बुद्धविहाराच्या पटांगणात, जिथे नुसता मुरूम आणि फुटक्या काचा होत्या, तिथे हिरवळ उठवली. आजोबांनी काचा वेचल्या, माती आणली, हरळीचं एक एक मूळ बोटाने दाबून लावलं. त्यांची नात यशोधरा चालायला शिकली ती त्या हिरवळीवर. पडली तरी लागायचं नाही ना!

आणि त्या हिरवळीचा एक नियम होता. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत मशीन लावायचं नाही. पावसाळ्यात कोवळं गवत आणि त्यातले बारके जीव पायाखाली चिरडू नयेत, म्हणून भिक्खू तीन महिने एका जागी राहायचे, तोच वर्षावास. "भिक्खू पाय ठेवत न्हवते, आन् आपण पातं फिरवायचं व्हय?" असं आजोबा म्हणायचे. रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन चालायचं आणि बाहेर गवत आपलं खुशाल वाढत राहायचं.

या वर्षी मात्र गवत वाढलं आणि त्याला कापणारा माणूस खाली बसला. आषाढ पौर्णिमेच्या आधीच्या आठवड्यात आजोबांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. दवाखान्यातून घरी आले तेव्हा बोलणं जरा जड, उजवा हात मांडीवर ठेवला तर तिथेच राहणारा आणि उजवा पाय ओढत चालणारा. दवाखान्याने चालायला धरायची चार पायांची घोडी दिली होती. आजोबांनी तिला एकदाही हात लावला नाही. आज्जी तिच्यावर टॉवेल वाळत घालायची. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, आजोबांची खुर्ची कायम खिडकीकडे, हिरवळीकडे तोंड करून असायची, ती त्यांनी फिरवून घेतली. आता तोंड भिंतीकडे आणि पाठ हिरवळीकडे.

यशोधराला ती पाठ बघवत नसे.

शनिवारी शाळा सकाळची. दुपारी ती घरी आली तर दारात सूर्यभान नाना उभे. विहार कमिटीचे अध्यक्ष, आवाज मोठा, मन बरं.

"जयभीम नाना."

"जयभीम. यशे, तुझ्या आजोबाला सांग, वाईट वाटून घेऊ नको म्हणावं. उद्या सकाळी कमिटीची बैठक हाय. पटांगणात पेव्हर ब्लॉक बसवायचं घाटतंय."

"ब्लॉक? हिरवळीवर?"

"मग गवत कापणार कोण? परवा पायरीपाशी धामण निघाली. बाया पोरं घेऊन यायला भेतात. केशरबाईनं वरवरचं विळ्यानं कापून शेळ्यांना नेलं, म्हणून निदान पायरी तरी दिसतीय." नाना जरा खाली आवाजात म्हणाले, "उद्या बैठकीला पटांगण कापलेलं दिसलं, तर मी ब्लॉकाचं नाव काढणार न्हाई. पण न्हाई दिसलं, तर माझाबी इलाज न्हाई."

खालचा आवाज कसला, आत सगळं ऐकू गेलं. आजोबा भिंतीकडे बघतच म्हणाले, "बसवा म्हणावं ब्लॉक."

बस्स, एवढंच. जणू त्यांचं काही नव्हतंच तिथे.

यशोधरा नववीत होती. दसऱ्याला विहारात हातात कागद न धरता तिने भाषण केलं होतं आणि तेव्हापासून आपल्याला जगातली कुठलीही गोष्ट येऊ शकते असं तिला वाटायला लागलं होतं. त्यातलं निम्मं खरंही होतं. तिने दप्तर कॉटवर फेकलं, वेणी वर बांधली आणि जाहीर केलं, "आज्जी, मी सुभेदाराला उठवते."

"आदी जेव."

"आधी सुभेदार!"

"त्यो कुटं पळून चाललाय? जेव म्हणते ना."

जेवली. मग मागच्या पत्र्याच्या खोलीतून तिने सुभेदाराला ओढत ओट्यासमोर आणलं. तो आज्जीच्या जुन्या जांभळ्या साडीत नखशिखांत गुंडाळलेला. साडी सोडली, तर आत लखलखीत! एक धुळीचा कण नाही.

सुभेदार चालू करायची एक रीत होती. दांडीवर एक लोखंडी कडी असते. ती दांडीला दाबून धरायची आणि दुसऱ्या हाताने इंजिनाची दोरी हिसडायची. कडी सुटली की मशीन जागच्या जागी बंद. आजोबांचे हात लांब होते, त्यांना दोन्ही जमायचं. यशोधराचा एक हात कडीवर, तर दुसरा दोरीपासून वीतभर लांबच राहायचा. तिने डोकं चालवलं आणि ओढणीने कडी दांडीला करकचून बांधून टाकली.

"कडी बांधलीस का गं?" आतून आवाज.

यशोधरा दचकली. आजोबांची पाठ तशीच होती. "तुम्हाला कसं कळलं?"

"कडी दाबली की खट्ट वाजती. एकदाच वाजली, सुटल्याची न्हाई वाजली. सोड आदी! पाय जाईल एखाद्याचा."

ओढणी सोडली. मग आज्जीला लसूण सोलता सोलता उठवून कडीवर उभं केलं. यशोधराने दोरी हिसडली. खर्रर्र, फुस्स. पुन्हा हिसडली. खर्रर्र, फुस्स. दंड भरून आला, केस कपाळाला चिकटले. शेजारच्या ओट्यावरून केशरबाई म्हणाली, "विहिरीचं पाणी वढतीस का गं?"

"शेळ्यांना पाजायला!" यशोधराने फटकन परतवलं आणि खाली बसून मोबाईल काढला.

मोबाईलमध्ये सतरा माणसं सतरा गोष्टी सांगत होती, पण सगळे एका गोष्टीपाशी येत होते. इंजिनाला ठिणगी लागते, पेट्रोल लागतं आणि हवा लागते. तिन्हींत एक कमी, तर मशीन उठत नाही. मग काय, धरा एकेकाला!

आधी ठिणगी. प्लगचा पाना आजोबांच्या डब्यात सापडला. ती प्लगला हात घालणार, तोच पुन्हा आतून आवाज, "हात घालायच्या आदी वायरीची टोपी काढ. मशीन बंद दिसतंय म्हणून बेसावध ऱ्हायचं न्हाई."

"काढतेच आहे, आजोबा."

"काढतीच आहे म्हणं," आजोबा पुटपुटले. आणि मग शहाबादी फरशीवर खुर्चीचे पाय घासल्याचा आवाज आला. कर्र.

यशोधराने आत पाहिलं. खुर्ची जरा तिरकी झाली होती. आता आजोबांचा अर्धा कान दिसत होता. ती काही बोलली नाही. बोलली असती तर खुर्ची परत फिरली असती, एवढं तिला कळत होतं.

प्लग काळा पडला होता. काचकागदाने घासला, टोपी लावून लोखंडाला टेकवला, आज्जीने कडी दाबली, यशोधराने दोरी ओढली. निळी ठिणगी! एवढुशी, पण निळीशार.

"ठिणगी आहे!" ती उड्या मारत ओरडली.

"मंग पेट्रोलचं बघ," आतून.

टाकीचं झाकण उघडलं आणि तिने नाकच धरलं. पेट्रोलचा वास कसा झणझणीत, डोक्यात जाणारा असतो. हा वास खाटेला मारायच्या जुन्या वार्निशासारखा होता.

"आजोबा, टाकी अर्धी भरलेली आहे. तीन महिने पेट्रोल आत तसंच होतं. मोबाईलवाले म्हणतात, राहिलं तर चिकट होतं आणि बारीक भोकं बुजतात."

आजोबा म्हणाले, "भरलेली? आषाढीच्या आदल्या दिवशी मी टाकी संपंपर्यंत चालवायचो. भिक्खूचं पात्र रिकामं, मग ह्याचंबी रिकामं. वर्षावासात सुभेदारालाबी उपास, असं म्हणायचो मी. गंमत म्हणून."

"आजोबा, त्या उपासामुळेच तर तो दर वर्षी चालू होत होता!"

"आँ?"

"रिकामा असला की आत काही चिकटतच नाही ना! या वर्षी तुम्ही दवाखान्यात होतात आणि हा भरल्या पोटी झोपला. अजीर्ण झालंय त्याला!"

कर्र. खुर्ची पूर्ण फिरली. आजोबा दाराबाहेर बघत होते, सुभेदाराकडे. आणि ते हसत होते. तोंडाची उजवी बाजू मागे राहायची, डावी पुढे जायची, म्हणून हसू तिरकं पडायचं. यशोधराने ते नवीन हसू पहिल्यांदाच नीट पाहिलं. लई गोड होतं.

"म्हणजे येवढी वर्सं उपास बरोबरच चालला हुता की," ते म्हणाले.

मग सुरू झालं ऑपरेशन. शिळं पेट्रोल डब्यात काढलं. कार्बोरेटरखालची वाटी एका नटावर असते, ती सोडली, तर तळाला मधासारखा पिवळा चिकटा. पुसून काढला. मधल्या पितळी नळीचं भोक मोहरीच्या दाण्याहून बारीक, तेही बुजलेलं.

"सुई देऊ का?" आज्जी म्हणाली.

"सुई नगं, भोक मोठं हुईल," आजोबा म्हणाले.

तेव्हा यशोधराने आपला बिघडलेला इअरफोन आणला, वायर सोलली आणि आतली केसासारखी तांब्याची एक तार त्या भोकातून आरपार घातली. डोळा लावून पाहिलं, तर पलीकडे ठिपक्याएवढं आभाळ दिसलं. जगातला सगळ्यात लहान उजेड!

आता ताजं पेट्रोल हवं. पप्पा मोटरसायकल घेऊन ड्युटीवर. पंपावर बाटलीत देत नाहीत. वस्तीत दारात उभी अशी एकच मोटरसायकल होती आणि ती होती सूर्यभान नानांची.

नाना पायजम्यावर चहा पीत बसले होते.

"नाना, पाण्याच्या बाटलीने अर्धी बाटली पेट्रोल पाहिजे."

"कशाला?"

"तुमचे ब्लॉक अडवायला."

नानांना ठसका लागला. "माझंच पेट्रोल नेऊन मलाच पाडायची व्हय गं?"

"तुम्हीच म्हणालात ना, कापलेलं दिसलं तर नाव काढणार नाही?"

नाना तिच्याकडे बघत राहिले. मग चहा खाली ठेवला, गाडीपाशी उकिडवे बसले आणि पेट्रोलची नळी सोडून बाटली भरून दिली. देताना म्हणाले, "आजोबा बाहेर आलाय का?"

"अजून नाही. पण खुर्ची फिरलीय."

नानांनी मान डोलावली.

ताजं पेट्रोल घातलं. आज्जी कडीवर, यशोधरा दोरीवर. ठिणगी आहे, पेट्रोल आहे, आता कसा उठत नाही बघू!

खर्रर्र. ठक्! सुभेदार एकदा खोकला आणि गप्प झाला.

पुन्हा. खर्रर्र. ठक्! पुन्हा गप्प.

पुन्हा पुन्हा तेच. उन्हं विहाराच्या कळसावरून खाली उतरली, यशोधराच्या तळहाताला फोड आला आणि तो फुटलाही. दसऱ्याच्या भाषणाचा सगळा ऐटबाजपणा त्या फोडातून वाहून गेला. ती ओट्यावर बसली आणि तिने गुडघ्यांत तोंड घातलं. रडायचं नव्हतं तिला. पण आता आजोबा पुन्हा खुर्ची फिरवणार आणि ह्या वेळी कायमची, हे डोळ्यांसमोर आलं, मग काय करणार?

तिच्या डोक्यावर हात पडला. जड, ओबडधोबड, डावा हात. आजोबा दाराच्या चौकटीला धरून उभे होते. खुर्चीपासून दारापर्यंत कधी आले, कुणाला कळलंच नाही.

"खोकला म्हणजे जित्ता हाय," ते म्हणाले. "रडती कशाला? काय म्हणत हुता तुझा मोबाईल, ठिणगी, पेट्रोल आन्..."

"हवा," यशोधरा नाक पुसत म्हणाली. "हवेची जाळी पण पुसली मी. हवा आत जातेय."

म्हणाली आणि थांबली. हवा आत जातेय. शाळेत रोज सकाळी प्रार्थनेनंतर डोळे मिटून बसवतात. श्वास आत येतोय, जाणा. श्वास बाहेर जातोय, जाणा. ती रोज त्यात डुलक्या काढायची. पण आज एकदम वाटलं, अरे, आत जातोय ते ठीक, पण ह्याचा श्वास बाहेर कुठून जातो?

"आज्जी, कडी धर!" तिने एका हाताने दोरी हिसडली आणि दुसऱ्या हाताचा तळवा इंजिनाच्या बाजूला, धूर निघतो त्या भोकासमोर धरला. काही नाही. एक फुंकरसुद्धा नाही.

"आजोबा, हा श्वास घेतोय, पण सोडत नाहीये!"

तिने भोकात बोट घातलं. आत काहीतरी मऊ. चिमट्याने धरून ओढलं, तर ओढतच राहिलं. चांगली हातभर लांब खाकी चिंधी बाहेर आली, काळपट आणि पेट्रोलने ओली.

आजोबा वाकून बघायला लागले. आणि आज्जी कडी सोडून पदराशी चाळा करायला लागली.

"आज्जी?"

"मला काय म्हाईत, ते त्याचं नाक हाय म्हणून?" आज्जी म्हणाली. "मला वाटलं, भोक उघडं ऱ्हायलं तर पाली-झुरळं आत जात्याल आन् तिथंच मरत्याल. वर्षावासात जीव मारायचा व्हय? म्हणून बोळा घातला. मंग इसरले."

यशोधराला हसू आवरेना. जीव वाचवायला गेली आणि सुभेदाराचाच गळा दाबला! ती हसत हसत काही बोलणार, तोच तिने आजोबांचा चेहरा पाहिला. ते हसत नव्हते. चिंधी हातात घेऊन बघत होते.

"ही माझ्या मेसच्या शर्टाची बाही हाय," ते म्हणाले.

"व्हय. फाटकाच हुता त्यो."

"मशीन पुसलं कवा तू?"

"तुमी दवाखान्यात हुता. बाईमाणसानं रातीला तिथं थांबायचं न्हाई म्हणून मला घरी धाडायचे. घरी काय कराया सुचंना. मंग ह्याला पुसत बसायचे. वाटायचं, तुमी आल्यावर लगीच लागंल तुमाला."

आजोबांनी चिंधी नीट घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवली. मग चौकट सोडली. ओट्याची एक पायरी उतरायला त्यांना किती वेळ लागला! यशोधरा धरायला धावली, तर त्यांनी डोळ्यांनीच लांब ठेवलं. पाय ओढत ते दांडीपाशी पोचले आणि डावा हात कडीवर ठेवला.

"तू सर, भागिरथी. हिसके बसत्यात, तुला झेपायचं न्हाई." त्यांनी कडी दाबली. खट्ट. "वढ गं, यशा."

यशोधराने फुटलेल्या फोडावर ओढणी गुंडाळली आणि जीव खाऊन दोरी हिसडली.

ठक्. ठक् ठक्. आणि मग सुभेदार असा काही गरजला की केशरबाईच्या शेळ्या दावी ताणून उभ्या राहिल्या, विहारावरची कबुतरं भर्रकन उडाली आणि गल्लीतलं काळं कुत्रं शेपूट घालून पळालं!

"चालू झालं! आजोबा, चालू झालं!"

"मंग आता धर की तू!" आजोबा आवाजावर आवाज चढवून ओरडले.

"मी नाही! कडी सोडली तर बंद पडेल! परत उठलाच नाही तर?"

"आगं, पर मला चालता..."

"सोडू नका! आजोबा, अजिबात सोडू नका!"

आता काय करतात? कडी सोडावी तर सुभेदार मरणार, धरावी तर सुभेदाराबरोबर चालावं लागणार. आजोबांनी एकदा तिच्याकडे रागाने पाहिलं, एकदा पटांगणाकडे पाहिलं. गल्ली ओलांडली की हिरवळच. यशोधरा दांडीच्या उजव्या बाजूला शिरली, आजोबांचा मांडीशी लोंबणारा उजवा हात उचलून दांडीवर ठेवला आणि वरून आपल्या हाताने दाबून धरला.

सुभेदार पुढे निघाला. मागे आजोबा. आधी एक पाऊल, मग ओढत आलेला दुसरा पाय. दांडीचा भक्कम आधार होता, पडायची सोयच नव्हती. कापलेल्या गवताचा ओला हिरवा वास उठला आणि आजोबांनी तो लांब श्वास घेऊन आत ओढला. नाना गल्लीच्या तोंडाशी येऊन उभे होते. चपला काढून ते कापलेल्या पट्ट्यावर अनवाणी उभे राहिले आणि पायाची बोटं गवतात खुपसून म्हणाले, "ब्लॉक चपला काढायच्या जागेपुरते टाकू. बाकी ऱ्हाऊ द्या."

कुणालाही ऐकू गेलं नाही, एवढा सुभेदार ओरडत होता. म्हणून मशीन थांबल्यावर त्यांना ते परत म्हणावं लागलं.

अंधार पडेस्तोवर पटांगण संपलं. आजोबा विहाराच्या पायरीवर बसले, धापा टाकत, घामाने निथळत. यशोधरा शेजारी. समोर कापलेले पट्टे पहिलीतल्या पोराने रेघा माराव्यात तसे नागमोडी गेले होते.

"कसलं वाकडं झालंय बघ," आजोबा म्हणाले. "मेसवर आसं झालं असतं तर मेजरसाहेबानं उभं केलं नसतं. सकाळच्याला उजेडात सरळ करू. बैठकीच्या आदी."

"पण पेट्रोल संपलं, आजोबा."

"मंग सूर्यभानच्या गाडीत काय पाणी हाय का?"

नाना कपाळाला हात लावून हसायला लागले. यशोधराने घराकडे पाहिलं. दारातल्या उजेडात आज्जी उभी होती. घोडीवरचे टॉवेल एक एक करून उचलून ती खांद्यावर टाकत होती.